फी नसलेला वर्ग, पगार नसलेले शिक्षक: टोकियोतील मॉर्मन मिशनऱ्यांच्या इंग्रजी संभाषणवर्गाचे परीक्षण

टोकियोच्या एदोगावा भागात, विशेषतः निशी-कासाई स्टेशनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक अडचण बरीच आढळते, पण ती चारचौघांत फारशी बोलली जात नाही. नवरा संगणक क्षेत्रात असल्यामुळे त्याचे इंग्रजीवर भागते. मुले इथल्या भारतीय शाळांत जातात आणि बघता बघता घरातही इंग्रजीत भांडू लागतात. मराठी माध्यमात शिकून लग्नानंतर थेट जपानला आलेल्या आईला मात्र पालकसभेत उभे राहून चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत. तिला वाचता सगळे येते, ऐकलेले समजतेही, पण तोंड उघडत नाही. जपानी शिकण्यासाठी स्वयंसेवकांनी चालवलेले स्वस्त वर्ग ठिकठिकाणी आहेत; इंग्रजीसाठी तशी सोय शोधावी लागते. माझी अडचण हीच होती. तिच्यावर मी निवडलेला उपाय आमच्या ओळखीच्या अनेक घरांत भुवया उंचावणारा ठरला, म्हणून त्याचे सविस्तर परीक्षण लिहिणे मला योग्य वाटते. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे सर्वसाधारणपणे मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाचे तरुण मिशनरी आठवड्यातून एकदा मोफत इंग्रजी संभाषणवर्ग चालवतात. हे परीक्षण त्या वर्गाचे आहे.

आधीच सांगते, की शिकवणी म्हणून हा वर्ग बेताचा आहे आणि सरावाची जागा म्हणून फार चांगला आहे. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी साडेतीन देईन. त्याचे गुण आणि उणिवा एकाच मुळातून निघालेल्या आहेत आणि ते मूळ म्हणजे शिकवणाऱ्या मुलामुलींची दिनचर्या. ती समजून न घेता गेलेली व्यक्ती एक तर लवकरच वैतागून वर्ग सोडते, किंवा नको इतकी भारावून जाते. त्यामुळे या परीक्षणात वर्गाइतकेच त्यांच्या दिवसाविषयीही लिहावे लागणार आहे.

वर्गाचा पत्ता बहुधा पत्रपेटीत पडलेल्या चिठ्ठीवरून किंवा स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या जोडीकडून मिळतो. ही जोडी ओळखायला सोपी असते. पांढरा सदरा, टाय, पाठीवर पिशवी आणि छातीवर काळी नामपट्टी, जिच्यावर पांढऱ्या जपानी अक्षरांत चर्चचे नाव आणि काताकाना लिपीत आडनाव लिहिलेले असते. मुलगा असेल तर आडनावापुढे ‘चोरो’ आणि मुलगी असेल तर ‘शिमाई’ म्हणतात. इंग्रजीत तेच एल्डर आणि सिस्टर. बहुतेक जोड्या सायकलवर फिरतात आणि हेल्मेटवाचून सायकलवर बसत नाहीत. जपानमध्ये सर्व वयाच्या सायकलस्वारांनी हेल्मेट वापरण्याचा प्रयत्न करावा असा नियम एप्रिल २०२३ मध्ये लागू झाला, पण न पाळल्यास दंड नसल्याने आमच्या भागात तो मनावर घेणारे थोडेच आहेत. त्यामुळे उन्हाळ्यात घामाने सदरा पाठीला चिकटलेली, तरीही हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेली ही मुले दुरूनच नजरेत भरतात.

वर्ग चर्चच्या इमारतीत भरतो. आपल्याकडे चर्च म्हटले की डोळ्यांसमोर येतात तसे क्रूस, मूर्ती किंवा मेणबत्त्या येथे नाहीत. हा पंथ क्रूसाचे चिन्ह वापरत नाही. रविवारी प्रार्थनासभेचे व्यवस्थापन पाहणारे बिशप हे पगारी धर्मगुरू नसून आठवडाभर आपली नोकरी करणारे गृहस्थ असतात. आमचा वर्ग भरतो त्या मजल्यावर घडीच्या खुर्च्या, पांढरा फळा आणि बाजूच्या मोठ्या खोलीत बास्केटबॉलची जाळी आहे. येणाऱ्यांचे बोलणे पाहून पहिल्याच दिवशी त्यांचे तीन गट केले जातात. माझ्या गटात निवृत्तीनंतर परदेश फिरू इच्छिणारे एक जपानी आजोबा, रुग्णालयात परदेशी रुग्णांशी बोलावे लागते म्हणून येणारी एक परिचारिका आणि कॉलेजात शिकणारा एक नेपाळी मुलगा आहे. कुणाचेच इंग्रजी कुणाला लाजवण्याइतके चांगले नाही आणि ही या गटाची सर्वांत मोठी सोय आहे.

शिकवण्याचा आराखडा बहुतेक वेळा चर्चच्याच इंग्लिशकनेक्ट या अभ्यासक्रमाचा असतो. त्याच्या पहिल्या दोन पातळ्यांत प्रत्येकी पंचवीस पाठ आहेत. प्रत्येक पाठात थोडे शब्द, प्रश्न आणि उत्तर यांचे एकदोन साचे आणि मग जोडीने बोलण्याचा सराव अशी रचना असते. पाठाच्या सुरुवातीला शिकण्याविषयीचे एक तत्त्व दिलेले असते आणि त्यात ईश्वराचा उल्लेख येतोच. ज्यांना एवढ्यानेही अवघडल्यासारखे होते त्यांनी इथेच थांबलेले बरे. मला त्याचा त्रास झाला नाही, कारण शाळेत रोज प्रार्थनेनंतर सुविचार ऐकून मोठी झालेली माणसे आपण. दोन मिनिटे ऐकायचे आणि पुढे जायचे, हे आपल्याला जमते.

वर्गाचा खरा उपयोग मला कळला तो पालकसभेच्या तालमीच्या दिवशी. मुलाच्या गणिताविषयी शिक्षिकेशी बोलायचे होते आणि ती तारीख जवळ आली होती. मी तसे सांगितल्यावर त्या दिवशीच्या दोन मिशनऱ्यांनी ठरलेला पाठ बाजूला ठेवला. आयडाहो राज्यातल्या बटाट्याच्या शेतावर वाढलेला एक उंच मुलगा शिक्षिका झाला, त्याचा जोडीदार मुख्याध्यापक झाला आणि परिचारिकाबाईंनी माझ्या मुलाची भूमिका मोठ्या उत्साहाने वठवली. मी वाक्याच्या मध्येच अडकले की तो मुलगा शब्द सुचवायचा नाही, फक्त थांबायचा. ते थांबणे इतके सवयीचे होते की मला नवल वाटले. नंतर लक्षात आले, की दिवसभर लोकांच्या दारात उभे राहून जपानीत हेच त्याच्या वाट्याला येत असते: वाक्याचे क्रियापद शेवटी येईपर्यंत अडखळणे आणि समोरचा माणूस वाट पाहील की दार लावील याचा अंदाज घेणे. मोठ्या फीच्या वर्गात बसून मला जे मिळाले नव्हते, ते इथे मिळाले. कारण शिकवणाऱ्यालाही रोज परक्या भाषेत तोंडघशी पडावे लागते.

या मुलांचा दिवस साधारण सकाळी साडेसहाला सुरू होतो. व्यायाम, न्याहारी, धर्मग्रंथाचे वैयक्तिक वाचन, मग जोडीदाराबरोबर अभ्यास आणि त्यानंतर भाषेचा अभ्यास. हे सगळे आटोपून ती बाहेर पडतात, रात्री नऊच्या सुमारास घरी परततात आणि साडेदहाला दिवे मालवतात. २०१७ पासून वेळापत्रकात थोडी लवचीकता आली असली तरी चौकट तीच आहे. मुलगे दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी येतात. कुठे जायचे हे त्यांनी ठरवायचे नसते; अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील मुख्यालयाकडून नेमणूक येते आणि मग ज्यांनी आयुष्यात कधी कांजी अक्षर पाहिलेले नसते अशी मुले प्रशिक्षणकेंद्रात काही आठवडे जपानी शिकून इथे येऊन पडतात. युटा राज्यातील प्रोवो येथे यांचे सर्वांत मोठे प्रशिक्षणकेंद्र आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ करण्यात आले आणि तेव्हापासून मिशनवर येणाऱ्या मुलींची संख्या खूपच वाढली. जगभरात आज असे सत्तर हजारांहून अधिक मिशनरी आहेत. त्यांना पगार नाही. उलट दरमहाची ठराविक रक्कम ती स्वतः किंवा त्यांचे कुटुंब भरते. आमच्या आयडाहोच्या मुलाने त्यासाठी शाळेत असल्यापासून सुट्ट्यांत काम करून पैसे साठवले होते. आपल्याकडे याच वयाची मुले सीईटीच्या निकालाकडे डोळे लावून बसलेली असतात.

जोडीदाराचा नियम सर्वांत कडक आहे. कंपॅनियन नावाचा हा जोडीदार आपण निवडायचा नसतो आणि त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर जायचे नसते. वर्गात याचा थेट परिणाम दिसतो, तो असा की दोघेही वेगवेगळ्या खोल्यांत दार लावून गट घेऊ शकत नाहीत. गट मोठ्या खोलीच्या कोपऱ्यांत बसतात आणि आजोबांना नीट ऐकू येत नाही. जोडीतला एक जण अनेकदा जपानीच असतो. आमच्याकडे काही काळ युटाची एक शिमाई आणि होक्काइदोची एक शिमाई अशी जोडी होती. होक्काइदोच्या मुलीचे इंग्रजी माझ्याहून फार पुढे नव्हते. वर्गात इंग्रजी मातृभाषा असलेले दोन शिक्षक मिळतील अशी अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. माझ्या मते हा तोटा नाही. ती मुलगी ज्या ठिकाणी चुकायची त्याच ठिकाणी मीही चुकायचे आणि युटाची मुलगी आम्हा दोघींना एकदमच दुरुस्त करायची.

खरी उणीव आहे ती बदल्यांची. दर सहा आठवड्यांनी ट्रान्स्फरची वेळ येते. कुणी त्याच भागात राहतो, कुणी एका दिवसात सामान बांधून दुसऱ्या शहरात जातो, आणि पुढच्या आठवड्यात फळ्यासमोर नवाच चेहरा उभा असतो. त्यामुळे आपली प्रगती कुणाच्याही लक्षात राहत नाही. मागच्या वेळी कुठे थांबलो होतो, कोणता शब्द मला अजून जमत नाही, याची नोंद ठेवणारे तिथे कुणी नसते. ती आपल्यालाच ठेवावी लागते. या व्यवस्थेने मला एक गोष्ट मात्र पक्की शिकवली आणि ती म्हणजे स्वतःची ओळख करून देणे. नवा मिशनरी आला की तेच नाव, तेच गाव, तीच मुले, तोच छंद. इतक्या वेळा सांगून झाले आहे की आता मध्यरात्री उठवून विचारले तरी मी न अडखळता सांगेन.

व्याकरणाच्या बाबतीत या मुलांकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. ती प्रशिक्षित भाषाशिक्षक नाहीत आणि तसा त्यांचा दावाही नाही. अमुक ठिकाणी पूर्ण भूतकाळ का आणि साधा भूतकाळ का नाही, असे विचारले की समोरचा चेहरा गोंधळतो आणि ‘कानाला तसेच बरोबर वाटते’ असे उत्तर येते. शाळेत काळ, प्रयोग आणि वाक्यपृथक्करण घोटून घेतलेल्या आपल्या पिढीला नियम त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. आपल्याला हवे असते ते त्यांच्या कानाला बरोबर वाटणारे. उच्चारांबाबतही एक सूचना आहे. युटाकडची अनेक मुले शब्दाच्या मधला ‘ट’ गिळून टाकतात, ‘माउंटन’ या शब्दात तो ऐकूच येत नाही, आणि सुरुवातीला त्यांचे बोलणे समजायला वेळ लागतो. कान तयार होतो, पण तशी लकब उचलू नये. भारतीय शाळेतल्या शिक्षिकेपुढे ती विनोदी वाटते.

गप्पांचे विषय हा आणखी एक मुद्दा. मिशनच्या काळात ही मुले चित्रपट, दूरदर्शनवरील मालिका आणि खेळांचे सामने पाहत नाहीत, प्रेमप्रकरणांत पडत नाहीत, पोहायलाही जात नाहीत. त्यांच्याकडे फोन असतो, पण तो कामापुरता. त्यामुळे जगात काय चालले आहे याविषयी त्यांना आपल्याइतकेही माहीत नसते आणि ताज्या घडामोडींवर चर्चा करून इंग्रजी सुधारण्याचा विचार असेल तर ही जागा तुमची नव्हे. नवशिक्यांच्या मात्र हे पथ्यावर पडते. कारण गप्पा आपोआप घर, भावंडे, शेती, हवामान, जेवण आणि शाळा यांवर येतात आणि रोजच्या बोलण्यात आपल्याला नेमके तेच लागते. सोमवारचा विषय काढला तर त्यांचे तोंड सुटते. तो त्यांचा तयारीचा दिवस, ज्याला ती पी-डे म्हणतात. कपडे धुणे, किराणा, केस कापणे आणि घरी फोन. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला, एवढीच होती. आता दर आठवड्याला व्हिडिओवर बोलता येते. जपानमध्ये सोमवारची सकाळ उजाडते तेव्हा युटामध्ये रविवारची संध्याकाळ असते, त्यामुळे सगळे घर एकत्र सापडते. आईला काय सांगितलेस, असे विचारले की वर्गाचा तास केव्हा संपतो ते कळत नाही. मी तर हा प्रश्न प्रत्येक नव्या शिक्षकाला विचारते.

आता धर्माविषयी, कारण ओळखीच्या प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला. या मुलांचा उद्देश धर्मप्रसार हाच आहे आणि ती तो लपवत नाहीत. वर्ग संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांचा धार्मिक भाग असतो, त्याला थांबणे ऐच्छिक असते आणि तसे आधी सांगितले जाते. मी पहिल्याच दिवशी ‘मी इंग्रजीसाठीच येणार आहे, आमच्या घरी देवपूजा आहे आणि ती तशीच राहील’ असे सांगितले. त्यानंतर नव्या जोडीने एकेकदा विचारले आणि नकार ऐकून विषय सोडून दिला. मोघम हसून वेळ मारून नेणाऱ्यांना मात्र पुन्हा पुन्हा विचारले जाते आणि त्यात मला त्या मुलांपेक्षा मोघम हसणाऱ्यांचाच दोष अधिक दिसतो. त्यांच्या पंथात जाणे ही झटकन होणारी गोष्ट नाही, हेही समजून घ्यावे: बाप्तिस्म्याआधी पाठांची मालिका ऐकावी लागते, प्रार्थनासभेला हजर राहावे लागते, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची आणि दारू, तंबाखू, चहा, कॉफी सोडण्याची तयारी दाखवावी लागते आणि विवाहित व्यक्तीला जोडीदाराची संमती आवश्यक असते. ‘फसवून बाटवतील’ ही आमच्या सोसायटीतील एका काकूंची भीती त्यामुळे निराधार आहे. मोफत वर्गाच्या बदल्यात आपल्याकडून काही तरी अपेक्षित आहे ही जाणीव सतत सोबत असते, हे मात्र खरे. ती नाकारण्यात अर्थ नाही.

इंग्रजी वर्गच का, याचे उत्तर जपानमधील त्यांच्या इतिहासात आहे. या पंथाचे पहिले मिशनरी हेबर जे. ग्रँट यांच्या नेतृत्वाखाली ऑगस्ट १९०१ मध्ये योकोहामा बंदरात उतरले. यश इतके थोडे मिळाले की १९२४ मध्ये ते मिशन बंदच करावे लागले आणि महायुद्धानंतर १९४८ मध्ये पुन्हा सुरू झाले. १९७० च्या ओसाका विश्वप्रदर्शनात चर्चने स्वतःचे दालन उभारले तेव्हा जपानी लोकांचे कुतूहल वाढले. १९८० मध्ये टोकियोत आशियातील त्यांचे पहिले मंदिर झाले. त्याच दशकात केंट गिल्बर्ट आणि केंट डेरिकॉट हे दोन माजी मिशनरी अस्खलित जपानीच्या जोरावर इथल्या दूरचित्रवाणीवर घराघरांत पोहोचले. पण १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो पंथाने भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला आणि त्यानंतर दारावर आलेल्या कोणत्याही धर्मप्रचारकाकडे लोक संशयाने पाहू लागले. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर मारेकऱ्याचा युनिफिकेशन चर्च या पंथावर राग होता हे उघड झाले, त्या पंथाचे प्रकरण गाजले आणि तो संशय पुन्हा ताजा झाला. अशा देशात अनोळखी घराची घंटी वाजवून काय साधणार? इंग्रजीचे मात्र इथे सर्वांनाच आकर्षण आहे, म्हणून दारावर न उघडणारी तोंडे वर्गात उघडतात. मराठी वाचकांसाठी एक जाता जाता: जपानच्या कितीतरी आधी, १८५० च्या दशकात, ह्यू फिंडले नावाचा या पंथाचा प्रचारक मुंबईत आणि पुण्याच्या लष्करी छावणीत प्रचार करीत होता. तिथेही त्याला फारसे कुणी विचारले नाही.

या मुलांना घरी जेवायला बोलवावे, अशी इच्छा कुठल्याही मराठी बाईला होणारच, म्हणून त्याचेही नियम सांगते. त्यांना परक्या स्त्रीबरोबर एकटे थांबता येत नाही. त्यामुळे मुलगे येणार असतील तर घरात पतीने किंवा दुसऱ्या प्रौढ पुरुषाने असणे आवश्यक आहे. आमच्या ह्यांना त्यासाठी कार्यालयातून लवकर यावे लागले, जे दिवाळीलाही जमले नव्हते. रात्री वेळेत परतायचे असल्याने जेवण लवकर वाढावे लागते. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, सलग दोन वेळचे जेवण आणि पाणीही वर्ज्य. आपल्या एकादशीची साबुदाण्याची सोय त्यात नाही, म्हणून तो दिवस टाळावा. मोठी पंचाईत होते ती चहाची. आलेल्या माणसाला चहा न विचारणे आपल्या अंगवळणी नाही आणि त्यांना काळा चहा चालत नाही. २०१९ मध्ये चर्चच्या तरुणांसाठीच्या मासिकाने ग्रीन टीही वर्ज्यच असल्याचे स्पष्ट केले. जपानी घरांत त्यांना भाजलेल्या बार्लीचे मुगिचा देतात. मी कोकम सरबत दिले, ते त्यांनी आधी रंग पाहून आणि मग चव पाहून दोनदा मागून घेतले. भाजणीच्या थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवला तेव्हा आयडाहोच्या मुलाने फोटो काढून ठेवला, सोमवारी आईला दाखवायला. त्या संध्याकाळी मी सलग दोन तास इंग्रजीत बोलले आणि ते मला ती मुले निघून गेल्यावर भांडी आवरताना लक्षात आले.

पैशाचा हिशेबही मांडते. टोकियोत संभाषणवर्गाची महिन्याची फी दहा-पंधरा हजार येन सहज होते आणि खासगी शिकवणी त्याहून महाग पडते. मी आधी स्टेशनजवळच्या एका वर्गाला काही महिन्यांचे पैसे आगाऊ भरले होते. तिथले पुस्तक सुबक होते, शिक्षक पदवीधर होते, पण सहा जणांत माझ्या वाट्याला बोलायला जेमतेम काही मिनिटे यायची आणि वेळ संपली की वाक्य अर्धे असले तरी दिवा बंद व्हायचा. आगाऊ फीचा धोका इथल्या लोकांना चांगला ठाऊक आहे, कारण २००७ मध्ये नोव्हा ही जपानमधील सर्वांत मोठी संभाषणवर्गांची साखळी दिवाळखोरीत गेली तेव्हा लाखो विद्यार्थ्यांचे पैसे अडकले होते. मिशनऱ्यांच्या वर्गात तो प्रश्न नाही. पैसे भरलेले नसल्यामुळे पाऊस पडला की जायचा कंटाळा येतो, हा मात्र फुकट वर्गाचा स्वभाव आहे. जूनमधल्या पावसाळ्यात आमचा गट निम्म्यावर येतो, शिक्षक तेवढे रेनकोट निथळत वेळेवर हजर असतात.

आयईएलटीएस किंवा तत्सम परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी, कार्यालयातील सादरीकरणासाठी इंग्रजी हवे असणाऱ्यांनी आणि धार्मिक वातावरणात मनावर दडपण येणाऱ्यांनी इथे वेळ घालवू नये. लहान मुलांना एकटे पाठवू नये असे माझे मत आहे. पाठवायचेच तर आईने किंवा वडिलांनी सोबत बसावे, म्हणजे दोघांचाही सराव होतो. मराठी माध्यमातून आलेल्या, वाचता येणाऱ्या पण बोलायला धजावत नसलेल्या कुणालाही मी हा वर्ग बेधडक सुचवीन, मग ती नुकतीच लग्न होऊन आलेली वहिनी असो की मुलाकडे सहा महिने राहायला आलेले सासू-सासरे असोत. पहिल्या दिवशी आपला हेतू स्पष्ट सांगावा, प्रत्येक आठवड्याला स्वतःच्या गरजेचा एक प्रसंग ठरवून न्यावा, वही सोबत असावी आणि ट्रान्स्फरच्या आठवड्यात वर्ग आहे ना याची आधी खात्री करून घ्यावी. वर्ग संध्याकाळी सातला असतो आणि तिथे फक्त पाणी मिळते, तेव्हा चहा घरूनच पिऊन निघावे.